नव्वद दिवस

यावल तहसील, मे महिना, दुपारचे तीन.
कूलरमध्ये पाणी नाही, नुसता वाळ्याचा वास.
मी जिल्ह्याहून आलेला, कंत्राटी, गळ्यात ओळखपत्र,
हातात माहिती-सुरक्षेची तपासणी यादी, कलमं एकेचाळीस.

नायब तहसीलदारांनी चहा मागवला. म्हणाले,
पूर्वी आमची सुरक्षा म्हणजे कडुलिंबाचा पाला.
लाल फडक्याच्या बस्त्यात खोचला की वाळवी नाही,
किल्ली कोतवालाच्या करदोट्याला.
आता कोण कुठून शिरतं, दिसतच नाही.
मी म्हटलं, म्हणून तर आलो.

पेनड्राइव्हची भोकं मागच्या खेपेस एम-सीलने बुजवली होती;
एक कुणीतरी करकटकाने उकरलंय.
'भाचीच्या हळदीची गाणी होती, साहेब,' शिपाई पुटपुटला.
लिहून घेतलं.

मग पुरवठा शाखा. कुमुदिनी फालक, अव्वल कारकून.
टेबलाच्या काचेखाली मनुदेवीचा फोटो,
फैजपूर-भुसावळ गाड्यांच्या वेळा,
आणि पिवळ्या चिठ्ठीवर एक शब्द, पुढे एक साल.
'पासवर्ड काचेखाली ठेवायचा नसतो, बाई.'
'मी नाही ठेवला. बारा दिवस रजेवर होते ना मार्चात,
रेशनकार्डं अडायला नकोत, म्हणून लिहून दिलेला.
त्यांनी तिथंच सारला.'

बारा दिवस.
मी शब्द पुन्हा वाचला. शब्द नव्हता, नाव होतं.

कलम सात: नात्यातलं नाव नको, लग्नाचं साल नको.
मी ते वाचून दाखवलं, आवाज शक्य तेवढा सरकारी ठेवून.
त्या म्हणाल्या, 'तोंडानं घेतलं असेल चार वेळा.
लग्नात, डोहाळजेवणात, नणंदेनं दार अडवलं तेव्हा,
आणि एकदा सिव्हिलच्या खिडकीवर,
पेशंटचं पूर्ण नाव सांगा म्हणाले तेव्हा.
बोटांनी मात्र रोज. सकाळी दहाला,
आणि जेवून आल्यावर परत.'

मी नियमाप्रमाणे तपासणीच्या चौकटीत नाव टाकायला सांगितलं.
खाली लाल पट्टी उमटली: कमकुवत.
त्या हसल्या. खरंच हसल्या.
'होतेच. शेवटी शेवटी तर पंचेचाळीस किलो.'

पंखा फिरत होता. कुणाची तरी शिधापत्रिका उडून खाली पडली.
मी ती उचलण्यात वेळ घालवला.

'जुना एकदा टाकावा लागेल,' मी म्हटलं,
'त्याशिवाय नवा घेत नाही.'
आणि भिंतीकडे तोंड केलं. हाही नियमच आहे.
भिंतीवर धान्य नियतनाचा तक्ता, गहू, तांदूळ.
मागे कळा वाजत होत्या, आधी सराईत, भरभर,
मग थांबल्या. बराच वेळ.
मग एकेक, शोधत,
नव्या घरात अंधारात बटण शोधावं तशा.

'हिरवं झालं,' त्या म्हणाल्या. 'किती दिवस टिकणार हा?'
'नव्वद.'
'आणि जुना परत कधी चालतो?'
'पाच झाल्यावर.' मी मनात गुणाकार केला.
त्यांनी माझ्या आधी केला होता. 'म्हणजे वर्षश्राद्धानंतर.'
कलम सात त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं.
मशीनला मात्र कोण कुणाचं लागतं हे कळत नाही,
हे मी बोललो नाही.

चिठ्ठी फाडायला मागितली तर म्हणाल्या,
'ती राहू दे बापा. आता तिच्यानं काही उघडत नाही.'

अहवालात लिहिलं: त्रुटी आढळली, निराकरण केले.
नाव लिहिलं नाही. इथंही लिहीत नाही.

फैजपूरच्या स्टँडवर केळीचे वेफर्स घेतले, दहा रुपयांचे.
कागद उलगडला तर झेरॉक्स:
कुणा बाईंचं आधार, फोटो, जन्मतारीख,
मु. पो., तालुका, सगळं ठळक.
फक्त शेवटचे चार आकडे
तेलात विरघळून गेलेले.
मीठ झटकलं, घडी घातली, खिशात ठेवली.
यादीत याला रकाना नव्हता.